विसाच्या पुढे

छप्पर गळायला लागलं म्हणून मार्चमध्ये
कुताइसीचं बाहुली-थिएटर बंद झालं.
कोल्हा, राजकन्या, दोन्ही गाढवं
प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली, आणि मी
ग्वांत्साच्या कपड्यांच्या कपाटात जाऊन बसले
आकडे म्हणायला.

कपाटात तीन रजया टांगलेल्या, एक माइक,
आणि कुणाच्या तरी लग्नातल्या कोटाला डांबरगोळ्यांचा वास.
शून्य ते वीस. एकेक आकडा सहा वेळा.
"चारला हसू नकोस," ग्वांत्सा बाहेरून म्हणायची,
"पोरांना वाटेल चार म्हणजेच उत्तर."
तिच्या खेळात अस्वलाचं पिल्लू टोपलीत नासपती टाकतं,
जितक्या पडतील तितकं मी बोलायचं.
गिऱ्हाइकं साडेतीन-चार वर्षांची,
वाचता येत नाही त्यांना,
सगळी भिस्त माझ्या गळ्यावर.

मग चुकांची पाळी.
'चूक' म्हणायचं नाही. 'नाही' तर नाहीच नाही.
पिल्लू डोकं खाजवेल, मी म्हणेन,
"अरेच्चा! पुन्हा मोजू या?"
हे चौदा तऱ्हांनी. पोर चौदा वेळा अडलं
तरी तोच सूर दोनदा कानावर पडू नये.
नऊ तऱ्हा झरझर झाल्या.
दहाव्या वेळी आवाज बसला.

अठरा आणि पाच.
मामुकाने तेरा लिहिलं होतं. सहा वर्षांचा होता.
वीज नव्हती, त्या वर्षांत ती नसायचीच.
रॉकेलचा दिवा, सकाळी माझी तालीम,
आणि हा हातचा विसरून तेरा म्हणतोय,
खोडून पुन्हा तेरा.
तिसऱ्या तेराला मी वही शेगडीत घातली.
जळताना जरा ऊब आली, खोटं कशाला सांगू.
आता तो पोलंडमध्ये ट्रक चालवतो.
हिशेबाला पक्का. पाच तारीख चुकत नाही,
पैसे येतात.
फोन येत नाही.
तो हातचा माझ्याकडेच राहिलाय.

"झालं का?" ग्वांत्साने दार वाजवलं.
अजून पाच, मी म्हटलं, आणि म्हणून टाकल्या.
शेवटच्या पाच सगळ्यात गोड झाल्यात, असं तिचं मत.

परवा बाजारात
द्राक्षरसात बुडवलेल्या अक्रोडांच्या माळा घेत होते.
"यातल्या सात द्या," म्हटलं,
आणि मागून कुणीतरी किंचाळलं, "आई, सात आली!"
लाल बूट, वाहतं नाक, तेकले नाव.
"ही सात आहे. आणि नऊ पण हीच."
आई ओशाळली. तेकले कशाला ओशाळेल?
तिला एवढंच विचारायचं होतं:
विसानंतर अस्वल नाचतं, खेळ संपतो,
मग पुढच्या नासपती कुठे जातात?

मी खाली बसले, गुडघे कटकन वाजले.
सांगितलं, पुढे फार काही नवीन नसतं बघ,
आपल्या भाषेत विसाला मागे टाकून कुणी जात नाही,
त्याला बरोबर घेऊनच जायचं.
चाळीस म्हणजे दोन विसा, साठ म्हणजे तीन विसा.
"म्हणून दाखव."
ना माइक, ना रजया. कोबीवाला ओरडत होता.
वीस आणि एक, मी म्हटलं.
वीस आणि दोन.
वीस आणि तीन...

तिथे थांबले.
तेकलेने जरा वाट पाहिली, डोकं खाजवलं,
"अरेच्चा!" म्हणाली,
अगदी माझ्या पाचव्या तऱ्हेने,
"पुन्हा मोजू या?"